ब्रिटिश माणूस, त्याचं घर आणि त्याचा आठवडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकडे शिकायला किंवा नोकरीला निघालेले, जुन्या कागदपत्रांत अडकलेले आणि नुसतेच चौकस, असे तीन प्रकारचे वाचक हे प्रश्न विचारतात. ब्रिटनमध्ये ज्याला 'पूर्वापार' म्हणतात त्यातलं बरंचसं गेल्या पावणेदोनशे वर्षांतलं आहे. त्यामागे बहुधा एखादा कायदा, गिरणीचा भोंगा किंवा महायुद्ध सापडतं. म्हणून उत्तरांत सनावळी जरा जास्त आहे.

इंग्लंड, ग्रेट ब्रिटन आणि युनायटेड किंग्डम यांत फरक काय?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स ज्या बेटावर आहेत ते ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंग्डम. वेल्स सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या कायद्यांनी इंग्लंडला जोडलं गेलं, स्कॉटलंडशी एकीकरण १७०७ मध्ये झालं, आयर्लंड १८०१ मध्ये आलं आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग बाहेर पडला. युनियन जॅकवर वेल्सची खूण नाही, कारण तो झेंडा बनायला लागला तेव्हा वेल्स इंग्लंडमध्येच धरलं जात होतं.

ग्लासगोच्या माणसाला 'इंग्लिश' म्हणालात तर तो हसून सोडून देईल, पण विसरणार नाही. 'ब्रिटिश' म्हणा, किंवा त्याहून बरं, 'स्कॉटिश'. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था आणि शाळापद्धत वेगळी आहे. तिथल्या तीन बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, तरी लंडनचा एखादा दुकानदार घ्यायला कां-कूं करतो. परतण्याआधी त्या तिथेच बदलून घ्या.

हे लोक मूळचे कुठले?

एका ठिकाणचे नाहीत. केल्टिक बोली बोलणाऱ्या लोकांवर इसवी सन ४३ मध्ये रोमन चालून आले आणि साधारण ४१० पर्यंत राहिले. मग आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूने अँगल आणि सॅक्सन आले. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली, आणि १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मन राज्यकर्ते झाले. नकाशा उघडलात तर हे थर गावांच्या नावांत दिसतात. नावाच्या शेवटी 'चेस्टर' किंवा 'केस्टर' असलेल्या मँचेस्टर, लँकेस्टर इथे रोमन छावणी होती. 'बी'ने संपणारी डर्बी, ग्रिम्स्बी, व्हिट्बी ही व्हायकिंगांची नावं, म्हणूनच ती यॉर्कशर-लिंकनशरच्या पट्ट्यात दाटीने आहेत आणि दक्षिणेला जवळपास नाहीत.

येणं तिथेच थांबलं नाही. लंडनच्या ब्रिक लेनवरची एकच इमारत पाहा: १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी ती चर्च म्हणून बांधली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिचं सिनेगॉग केलं, १९७६ पासून ती बांगलादेशी मुस्लिमांची मशीद आहे. विटा त्याच.

जुन्या पत्रांत आणि हिशेबांत पौंड, शिलिंग, पेन्स दिसतात. ते वाचायचे कसे?

१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. सोळा आणे आणि १९२ पै यांचा रुपया ज्यांच्या आजी-आजोबांनी वापरला त्यांना हे अवघड जाऊ नये. आपण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाण्यांवर आलो, ब्रिटन मात्र १५ फेब्रुवारी १९७१ ला. राज्य करणारा या बाबतीत चौदा वर्षं मागे राहिला.

२/६ हा अपूर्णांक नव्हे, ते दोन शिलिंग सहा पेन्स. त्या नाण्याला हाफ क्राउन म्हणत. ५/- म्हणजे नुसते पाच शिलिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी, तो १९६० अखेर चलनातून गेला. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डॉक्टर, वकील आणि चित्रकार आपलं मानधन गिनीत सांगत, कारण पौंडात बोलणं दुकानदारी वाटे. घोड्यांच्या लिलावात गिनी अजून जिवंत आहे.

आजच्या पेन्सांत बदलायचं तर शिलिंगाला ५ ने गुणा आणि जुन्या पेन्सांना २.४ ने भागा. ३ पौंड १७ शिलिंग ९ पेन्स घ्या: १७ गुणिले ५ म्हणजे ८५, ९ भागिले २.४ म्हणजे ३.७५, एकूण ३.८८७५ पौंड. इथे बहुतेक जण फसतात ते पुढच्या पायरीवर. हे फक्त नाण्यांचं रूपांतर झालं, किमतीचं नव्हे. १९०० सालचे ३.८८ पौंड आजच्या किती बरोबर, हे त्या काळच्या मजुरीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि वजनं-मापं?

अर्धवट बदललेली. सुटी भाजी २००० सालापासून किलोत विकावी लागते, पण माणूस स्वतःचं वजन स्टोनमध्ये सांगतो. १ स्टोन म्हणजे १४ पौंड, ६.३५ किलो. तुम्ही ७० किलोचे असाल तर ११ स्टोन. रस्त्यावर मैल, पंपावर लिटर, आणि गाडीचं ॲव्हरेज मात्र गॅलनमागे मैल. नळाची बिअर पाइंटातच, ५६८ मिलिलिटर.

शनिवार-रविवारची सुटी आणि शनिवारी तीनला फुटबॉल, हे कुठून आलं?

गिरण्यांतून. कारखान्यांआधी कारागीर लोक रविवारची उतरेपर्यंत सोमवारही बुडवत, इतकं सर्रास की त्याला 'सेंट मंडे' असं नाव पडलं होतं. वाफेच्या यंत्राला ते परवडेना. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोनला सोडण्याची सक्ती झाली. त्यांच्यावाचून साचे चालत नव्हते, म्हणून पुरुषही सुटले. दोनला भोंगा, घरी जाऊन चार घास, मग चालत मैदानावर. तीनचा सामना असा जमतो.

फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्ये लंडनला स्थापन झाली, पण १८८८ मध्ये लीग सुरू झाली तेव्हाचे बाराही क्लब लँकेशर आणि मिडलंड्स या कारखान्यांच्या मुलखातले होते. लंडनचा एकही नाही.

तीन वाजताच्या सामन्याची आणखी एक गंमत. मैदानं ओस पडू नयेत म्हणून इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण दाखवत नाहीत. त्यामुळे तोच सामना पुण्यात टीव्हीवर दिसतो आणि मँचेस्टरमध्ये दिसत नाही. तिकडे गेल्यावर तुमच्या वर्गणीत काहीतरी बिघाड आहे असं समजून कस्टमर केअरला फोन लावू नका.

मुंबईच्या गिरण्यांनी लँकेशरची यंत्रं आणली, सुटी आणली नाही. ती नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडून मिळवावी लागली. गिरणी कामगारांची रविवारची साप्ताहिक सुटी १० जून १८९० ची.

बँक हॉलिडे म्हणजे फक्त बँकांना सुटी का?

सुरुवात तशी होती. सर जॉन लबक यांच्या १८७१ च्या कायद्याने बँका बंद ठेवायचे ठरावीक दिवस नेमले, आणि बँक बंद तर व्यवहार बंद म्हणून सगळेच थांबले. आता इंग्लंड-वेल्समध्ये असे ८ दिवस, स्कॉटलंडमध्ये ९, उत्तर आयर्लंडमध्ये १०.

नोकरीवर जाणाऱ्यांनी करारपत्रातली एक ओळ नीट वाचावी. वर्षाला ५.६ आठवडे, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असेल तर २८ दिवस, भरपगारी रजा कायद्याने मिळते. पण बँक हॉलिडे त्या २८ मध्येच धरायची मालकाला मुभा आहे. '२८ दिवस अधिक बँक हॉलिडे' आणि '२८ दिवस, बँक हॉलिडेसह' यांत आठ दिवसांचा फरक पडतो.

इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरहून मोठं दुकान रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळातले फक्त सहा तास उघडं राहू शकतं, आणि नाताळच्या दिवशी अजिबात नाही. त्या दिवशी रेल्वेही जवळपास ठप्प असते. २४ डिसेंबरच्या दुपारपर्यंत दूध-ब्रेड आणून ठेवा.

एकसारख्या घरांच्या लांबच लांब रांगा का?

कारखान्यांभोवती घाईने उभी राहिलेली वस्ती. सर्वांत वाईट प्रकार पाठीला पाठ लावलेल्या घरांचा: तीन भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, खिडक्या एकाच बाजूला, मागे ना दार ना हवा. कॉलऱ्याच्या साथींनंतर १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आला. त्याखालच्या नियमांनी रस्त्याची रुंदी, मागचं मोकळं अंगण, सांडपाणी हे सगळं ठरवून दिलं. आज जी विटांची चाळवजा घरं दिसतात, वर दोन खोल्या, खाली दोन, मागे अंगण आणि पलीकडे बोळ, ती बहुतेक या नियमांतून जन्मलेली. पाठीला पाठ घरं नव्याने बांधायला १९०९ मध्ये बंदी आली. लीड्समध्ये आधी मंजूर झालेल्या नकाशांवर ती १९३७ पर्यंत बांधली जात राहिली.

बेसिनला गरम आणि गार असे दोन वेगळे नळ का? हात भाजतात!

गार पाणी थेट मुख्य जलवाहिनीतून, जोरात यायचं. गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून खालच्या तांब्याच्या सिलिंडरमध्ये उतरून, मंद दाबाने. माळ्यावरची टाकी उघडी असायची, तीत धूळ-कचरा काहीही पडलेलं असे. ते पाणी उलटं जाऊन पिण्याच्या नळात मिसळू नये म्हणून स्थानिक पाणीनियम दोन्ही प्रवाह वेगळे ठेवायला लावत. आता बरीच घरं कॉम्बी बॉयलरवर आहेत, त्यात टाकीच नसते, पण जुन्या बेसिनला नळांची भोकं दोन म्हणून नळही दोन.

वापरायची रीत: भोकाला बूच लावा, दोन्ही नळ सोडून पाणी बेसिनमध्येच कोमट करा, त्यात हात-तोंड धुवा. वाहत्या पाण्याची सवय असलेल्याला हे पटत नाही, मग एक मग जवळ ठेवा. पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या गार नळाचंच घ्या. जुन्या घरात न्हाणीघरातला गार नळसुद्धा टाकीवर जोडलेला असू शकतो.

भाड्याच्या घरात भिंतींना काळी बुरशी येते. दोष घराचा की आमचा?

बहुधा दोघांचा. पहिल्या महायुद्धाआधीच्या बहुतेक घरांच्या बाहेरच्या भिंती ९ इंची, भरीव, मधे पोकळी नसलेल्या. त्या आतून थंडगार राहतात. पूर्वी प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी पेटे आणि धुराडं खोलीतली हवा सतत ओढून घेई. धुराडी बुजवली, खिडक्यांना दुहेरी काचा लावल्या, आता वाफेला वाटच नाही. त्यात कुकरच्या चार शिट्ट्या, वरणाची उकळी आणि हीटरवर वाळत टाकलेले कपडे. ही वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आणि आठ-पंधरा दिवसांत बुरशी धरते.

आधी डाग ओळखा. खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीभोवती काळे ठिपके असतील तर ही घरातली वाफ. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत चढलेली, वर पांढरट रेघ असलेली ओल म्हणजे पाणी खालून शोषलं जातंय. बाहेर जाऊन पाहा, भिंतीतला ओलरोधक थर बाहेरच्या मातीपासून किमान १५० मिलिमीटर वर हवा. कुणीतरी फुलांचा वाफा भिंतीला टेकवून तो बुजवलेला असतो. पाऊस पडल्यावर मोठा होणारा डाग म्हणजे पन्हाळ तुंबलेलं किंवा फुटलेलं.

वाफेवर उपाय: स्वयंपाक करताना झाकण ठेवा, पंखा लावा आणि नंतरही १५-२० मिनिटं चालू राहू द्या. खिडकीच्या चौकटीवरच्या बारीक झडपा थंडी वाजते म्हणून बंद करू नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर सरकवा. संध्याकाळी दोन तास भट्टीसारखी ऊब आणि मग बंद, यापेक्षा दिवसभर मंद ऊब बरी. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. बुरशीवर नुसता रंग मारू नका, महिन्यात पुन्हा वर येते. खालून चढणारी ओल आणि फुटकं पन्हाळ ही मालकाची जबाबदारी. फोटो काढून लेखी कळवा, तोंडी नको.

आपला मिक्सर तिकडे चालेल का?

चालेल. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आपली तीन गोल पायांची पिन हीच मुळी जुनी ब्रिटिश पिन. १९४७ च्या मानकाने ब्रिटन चौकोनी पायांच्या पिनेवर गेलं, आपण जुनीवरच राहिलो. नव्या पिनेच्या आत फ्यूज असतो: साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअर, त्यावर १३. ७५० वॉटच्या मिक्सरला ३ चा फ्यूज असलेला स्वस्त ॲडॅप्टर लावला की चटणी अर्धी वाटली असतानाच तो उडू शकतो. न्हाणीघरात दाढीच्या यंत्रापुरतं सॉकेट सोडलं तर दुसरं मिळणार नाही, आणि दिव्याला बहुधा दोरी असते. ओल्या हाताने बटण दाबू नये म्हणून.

ब्रिटिश चहा नेमका कसा करतात? आमचा पांचट होतो.

सतराव्या शतकात चहा श्रीमंतांची चैन होती. १७८४ मध्ये त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला तेव्हा चोरटी आयात कोसळली आणि चहा सामान्यांच्या घरात शिरला. तोवर सगळा चीनचा. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव जानेवारी १८३९ मधला. आजचा कडक, दुधाचा चहा आसाम, श्रीलंका आणि केनियाच्या बारीक पत्तीवर उभा आहे.

कृती अशी: केटलमध्ये दर वेळी ताजं पाणी. चहा मुरवायची किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्या. कपामागे एक चमचा पत्ती, पाणी खळखळ उकळत असतानाच ओता, झाकून तीन ते चार मिनिटं ठेवा. मग कपात, आणि शेवटी थोडं थंड दूध, दोन मोठे चमचे पुरे. साखर ज्याची त्याने.

पांचट होण्याची कारणं ठरलेली आहेत. उकळी येऊन निवलेलं पाणी घेतलं, किंवा पिशवी अर्ध्या मिनिटात काढली. आपण पत्ती उकळवून अर्क काढतो, इथे तो नुसता मुरून निघायचा असतो, म्हणून वेळ द्यावा लागतो. दूध तापवू नका, चव उकडल्यासारखी लागते. लंडनचं पाणी जड आहे, त्यातल्या चुन्यामुळे चहावर तपकिरी साय धरते. ती घाण नव्हे, गाळलेलं पाणी वापरा. दूध आधी की नंतर हा वाद कधीच मिटायचा नाही. चहाच्या चाचणीसाठी एक ब्रिटिश मानक आहे, १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. ते घरासाठी नाही, वेगवेगळ्या पत्त्या एकाच मापाने ताडून पाहण्यासाठी आहे.

उत्तर इंग्लंडमध्ये 'टीला या' म्हणाले तर जेवून जाऊ नका. तिथे तो रात्रीचा स्वयंपाक.

महायुद्धातलं रेशन किती होतं? त्याचा आजच्या खाण्याशी काही संबंध?

८ जानेवारी १९४० ला बेकन, लोणी आणि साखरेपासून सुरू झालं, ४ जुलै १९५४ ला मांसावरचं उठलं. चौदा वर्षं, त्यातली नऊ लढाई संपल्यावरची. पाव युद्धात कधीच रेशनवर नव्हता, तो १९४६ ते १९४८ या शांततेच्या काळात आला!

प्रमाण मागेपुढे होई, पण मोठ्या माणसाचा आठवड्याचा साधारण वाटा असा: बेकन ११३ ग्रॅम, साखर २२७, लोणी ५७, चीज ५७, चहा ५७ ग्रॅम, अंडं एक. मांस वजनावर नाही, किमतीवर, एक शिलिंग दोन पेन्सांचं. घराने एकाच दुकानदाराकडे नाव नोंदवायचं, दुसरीकडे मिळायचं नाही. शाकाहारी माणूस मांसाचे कूपन सोडून जादा चीज घेऊ शकत असे. मुंबईतही १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग आलं.

फिश अँड चिप्स मात्र दोन्ही महायुद्धांत रेशनमुक्त राहिले. कामगारांचं हे जेवण बंद पडलं तर लोक बिथरतील हे सरकारला ठाऊक होतं. 'ब्रिटिश जेवण बेचव' या लौकिकाचा मोठा वाटा या चौदा वर्षांचा आहे, असं आमचं मत. एक अख्खी पिढी अंड्याच्या भुकटीवर आणि लोण्याच्या बोटभर तुकड्यावर स्वयंपाक शिकली.

यॉर्कशर पुडिंग फुगत नाही. काय चुकतं?

रविवारच्या भाजलेल्या मांसाबरोबरचा हा खारा, पोकळ पदार्थ. अंडी, मैदा आणि दूध वाटीच्या मापाने समान: साधारण ४ अंडी, १४० ग्रॅम मैदा, २०० मिलिलिटर दूध, चिमूटभर मीठ. गुठळी राहू न देता फेटा, अर्धा तास ठेवा. ओव्हन २२० अंशांवर. साच्याच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर तेल घालून साचा आत धूर येईपर्यंत तापवा, बाहेर काढून झटपट मिश्रण ओता, लगेच आत, २० ते २५ मिनिटं.

फुगत नाही त्याचं कारण दहात नऊ वेळा तेल पुरेसं तापलेलं नसणं. उरलेल्या वेळी कुणीतरी मधेच दार उघडून डोकावतं. बेकिंग पावडर घालू नका, हे फुगतं ते वाफेने. मांस न खाणाऱ्यांनी कांद्याच्या दाट रश्शाबरोबर खावं, चांगलं लागतं.

पबमध्ये पहिल्यांदा जाताना काय माहीत हवं?

बसून वेटरची वाट पाहू नका. काउंटरवर जा, मागवा, तिथेच पैसे द्या, ग्लास स्वतः उचलून आणा. काउंटरवर रांग दिसत नाही, पण कोण कुणानंतर आलं हे सगळ्यांना, आणि मुख्य म्हणजे बारवाल्याला, माहीत असतं. तुमच्याकडे आधी पाहिलं तर 'हे माझ्या आधी आलेत' म्हणा. नोट हलवणं, टिचकी वाजवणं अत्यंत वाईट दिसतं.

चार जण गेलात तर एकाने चौघांचं आणायचं, मग दुसऱ्याने, अशी पाळी. स्वतःची पाळी यायच्या आत निघून जाणारा लक्षात राहतो. दारू न पिणाऱ्याने सोडा घ्यावा, पाळी मात्र चुकवू नये. सरकारने ऑक्टोबर १९१५ मध्ये लंडनला, आणि इतरत्रही, दुसऱ्यासाठी पेय विकत घेण्यालाच बंदी घातली होती, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले लोक फार पितात म्हणून. दुपारी पब बंद ठेवायचा नियमही त्याच युद्धातला, आणि तो चालला १९८८ पर्यंत. कार्लाइलच्या भागात तर १९१६ मध्ये सरकारने पबच ताब्यात घेतले आणि १९७३ पर्यंत चालवले.

'गरम बिअर' ही अफवा. लाकडी दांडा ओढून काढलेली बिअर तळघराच्या तापमानाला, ११ ते १३ अंशांवर देतात. फार थंड केली तर तिची चव दबते.

शेजाऱ्यांशी बोलताना काय सांभाळावं?

'यू ऑलराइट?' हा तब्येतीचा प्रश्न नव्हे, उत्तरात तेच परत म्हणायचं. 'कधीतरी जेवायला या' याला तारीख नसेल तर ते आमंत्रण नाही. 'क्वाइट गुड' म्हणजे बरं, फार नाही. पगार आणि घराची किंमत विचारू नका. हवेबद्दल बोला. त्यात तक्रार करणाऱ्याला दुजोरा द्यायचा असतो, 'आमच्याकडे याहून पाऊस' म्हणायचं नसतं.

गावात भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने मिळतात म्हणे?

मिळतात. त्यांना अलॉटमेंट म्हणतात. १९०८ च्या कायद्यानुसार सहा मतदारांनी मिळून मागणी केली की स्थानिक कौन्सिलला विचार करावा लागतो, लंडनचा मध्यभाग वगळून. पूर्ण तुकडा जुन्या मापाने १० रॉड, सुमारे २५० चौरस मीटर. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून राहायला गेल्याबरोबर नाव घाला.

सुरुवातीला अर्धाच तुकडा मागा. पूर्ण घेणारे बरेच जण पहिल्या उन्हाळ्यात तणापुढे हात टेकतात, आणि जमीन पडीक ठेवली तर नोटीस येते. बाइंडवीड ही वेल दिसली तर यंत्राने नांगरू नका, मुळाचा प्रत्येक तुकडा नवा वेल होतो. काट्याच्या फावड्याने मुळं अख्खी काढा किंवा जाड पुठ्ठ्याने झाकून टाका. मेथी, कोथिंबीर मे ते ऑगस्टमध्ये छान येतात, फक्त कोथिंबीर उन्हाचे दिवस लांबले की पटकन फुलावर जाते. दर तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा.

ब्रिटिश पूर्वजाचा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून?

अँग्लो-इंडियन कुटुंबांकडून आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांकडून हा प्रश्न येतो. जवळच्या, माहीत असलेल्या माणसापासून मागे जा, नामांकित पूर्वज धरून पुढे येऊ नका. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव मिळतं. त्यावरून लग्नाचा दाखला, त्यावर दोन्ही बापांची नावं आणि धंदे. मग जनगणनेत ते घर शोधा. १८३७ च्या मागे चर्चच्या वह्या.

जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असल्याने मार्चमधला जन्म एप्रिल-जूनच्या तिमाही सूचीत सापडू शकतो. १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. ती पोकळी सप्टेंबर १९३९ मध्ये ओळखपत्रांसाठी केलेली नोंदवही भरून काढते. जनगणना शंभर वर्षं बंद असते, त्यामुळे सध्या उघडी असलेली शेवटची १९२१ ची.

माणूस मुंबई इलाख्यात जन्मला, वारला किंवा इथे त्याचं लग्न झालं असेल तर लंडनमध्ये शोधून उपयोग नाही, असं वाटतं. पण चर्चच्या नोंदींच्या प्रती तिकडे पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२ आणि मुंबईसाठी एन/३ या क्रमांकाखाली. पुणे, किरकी, महाबळेश्वर, देवळाली इथल्या थडग्यांवरचा मजकूर आधी उतरवून घ्या. त्यावर पलटणीचं नाव असलं तर अर्धं काम झालं, कारण पुढचा शोध त्या पलटणीच्या दप्तरातून करता येतो.